उजेडाची खातेवही

वस्तीत कार्यक्रम ठरला की पावती पुस्तके छापली जातात, वक्ते ठरतात, गायन पार्टीला सुपारी दिली जाते, मांडववाला आणि साउंडवाला बोलावला जातो. दिव्यांचा विषय निघाला की मात्र कोणीतरी म्हणतो, "ते लायटिंगवाला बघेल की!" आणि तो विषय तिथेच संपतो. मग रात्री काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. वक्ता पोटतिडकीने बोलत असतो आणि त्याच्या तोंडावर कधी हिरवा, कधी जांभळा प्रकाश पडत असतो. एकांकिकेत आई आजारी मुलाच्या उशाशी बसलेली असते आणि मागचे दिवे वरातीत फिरावेत तसे गरगर फिरत असतात. पोरेटोरे हसतात. बिचारीने महिनाभर केलेली तालीम वाया जाते.

यात लायटिंगवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी काही सांगितलेले नसते आणि सांगायचे कसे हे आपल्यालाही ठाऊक नसते. म्हणून आजच्या लेखात आम्ही दिव्यांच्या त्या पेटीविषयी, म्हणजे लाईट कंट्रोलरविषयी लिहिणार आहोत. विषय यंत्राचा असला तरी प्रश्न आपल्या मुलांच्या पोटाचा आहे. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले लग्नसराईत आणि सणासुदीत लायटिंगच्या कामाला जातात. ती काय करतात? टेम्पोतून दिवे उतरवतात, लोखंडी ट्रस उभी करतात, केबल ओढतात, पहाटे सगळे पुन्हा भरतात. पेटीला हात लावणारा माणूस वेगळाच असतो. त्याला ऑपरेटर म्हणतात, त्याला खुर्ची मिळते आणि मजुरीही जास्त मिळते. पाच-पाच वर्षे केबल ओढूनही मुलाला पेटी कळत नाही, कारण ती काहीतरी अवघड, इंग्रजी शिकलेल्यांची विद्या आहे अशी त्याची समजूत करून दिलेली असते.

आम्ही दिवसा कारकुनी करतो, जमाखर्च हा आमचा रोजचा धंदा. वस्तीतल्या मुलांबरोबर बसून आम्ही ही पेटी समजून घेतली, तेव्हा आम्हाला दिसले ते एवढेच की ही विद्या म्हणजे खातेवही आहे. ज्याला ५१२ पर्यंत मोजता येते आणि नीटनेटके लिहून ठेवता येते, त्याला ती येते.

थोडा इतिहास सांगतो. पूर्वी रंगमंचावरील प्रत्येक डिमरसाठी कंट्रोलपासून वेगळी तार न्यावी लागे. चोवीस डिमर, तर चोवीस तारा. पुढे इलेक्ट्रॉनिक्स आले, पण प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. एकीची पेटी दुसरीच्या डिमरशी बोलेना. तेव्हा अमेरिकेतील रंगभूमी तंत्रज्ञांच्या यूएसआयटीटी या संस्थेने १९८६ साली सर्वांसाठी एक समान भाषा ठरवली. तिचे नाव डीएमएक्स ५१२. १९९० साली तिच्यात सुधारणा झाली आणि २००४ साली तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आज मुंबईच्या मोठ्या नाट्यगृहातला दिवा असो की तालुक्याच्या गावातल्या डीजेचा, दोन्ही हीच भाषा समजतात. म्हणजे एकदा शिकलेली ही विद्या कुठेही चालते. हा तिचा मोठा फायदा.

आता ही भाषा कशी चालते ते पाहू. पेटीतून एकच केबल निघते. ती पहिल्या दिव्यात जाते, पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी साखळी. या केबलमधून पेटी अखंड आकडे पुकारत असते. पहिल्या चॅनलचा आकडा, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, असे पाचशे बाराव्यापर्यंत, की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी असतो. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. सगळे ५१२ आकडे सेकंदात सुमारे ४४ वेळा पुकारून होतात.

यातली गंमत अशी की पेटी कोणाचे नाव घेत नाही. ती फक्त ओळीने आकडे म्हणत जाते. आपला आकडा कोणता, हे दिव्याने मोजत बसून ओळखायचे. शाळेत हजेरी घेताना गुरुजींनी नावे न घेता नुसत्या वस्तू वाटत जावे आणि सतराव्या नंबरच्या मुलाने सोळा जण सोडून आपली वस्तू उचलावी, तसे हे आहे. दिव्याने कितव्या आकड्यापासून उचलायचे, ते दिव्यावरच ठरवून ठेवावे लागते. त्यालाच ॲड्रेस म्हणतात.

एका दिव्याला एकच आकडा पुरत नाही. सर्रास वापरला जाणारा एलईडी पार दिवा घ्या. सात चॅनलच्या एखाद्या पारमध्ये पहिला चॅनल एकूण तेजाचा, दुसरा लाल, तिसरा हिरवा, चौथा निळा, पाचवा लुकलुकण्याचा म्हणजे स्ट्रोबचा, आणि उरलेले दोन दिव्यात आधीच भरलेल्या करामतींचे व त्यांच्या वेगाचे, अशी वाटणी असते. कंपनीगणिक हा क्रम बदलतो, म्हणून दिव्यासोबत येणारा कागद फेकू नये. तो कागद म्हणजे त्या दिव्याची खातेसूची. आमच्या भाषेत सांगायचे तर ५१२ पानांचे एक लेजर आहे. प्रत्येक दिव्याला त्यात सात पाने दिली आहेत आणि ॲड्रेस म्हणजे त्या दिव्याचे खाते ज्या पानावर उघडते तो पान नंबर.

नवशिक्यांची एक नेहमीची तक्रार असते. "लाल पूर्ण वर केला तरी दिवा लागत नाही." उत्तर सोपे आहे. लाल २५५ वर आहे, पण पहिल्या चॅनलवर एकूण तेज ० आहे. खात्यात रक्कम आहे, पण खातेच गोठवलेले आहे. आधी तेज वर करावे, मग रंग.

आपल्याकडे छोट्या लायटिंगवाल्यांकडे जी काळी पेटी सर्वत्र दिसते, तिला १९२ चा कंट्रोलर म्हणतात. तिच्यावर डावीकडे बारा दिव्यांची बारा बटणे असतात आणि मध्ये वरखाली सरकणारे आठ फेडर. पानाचे बटण दाबले की तेच आठ फेडर पुढच्या आठ चॅनलचे काम करतात. म्हणजे प्रत्येक दिव्यामागे १६ चॅनल. १२ गुणिले १६ बरोबर १९२. म्हणून तिचे नाव १९२. या हिशेबाने पहिल्या दिव्याचा ॲड्रेस १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, चौथ्याचा ४९, असे सोळा-सोळाने वाढत बाराव्याचा १७७ येतो. हा पाढा पाठ झाला की अर्धे काम झाले. दोन दिव्यांना एकच ॲड्रेस दिला तर दोन्ही एकसारखे चालतात. स्टेजच्या दोन बाजूंना सारखा प्रकाश हवा असेल तेव्हा मुद्दाम तसे करतात.

नव्या दिव्यांवर ॲड्रेस आकड्यांच्या पट्टीवर दिसतो. जुन्या दिव्यांवर मात्र बारीक खटक्यांची रांग असते. तिथे मुले अडतात. त्या खटक्यांच्या किमती ओळीने १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ आणि २५६ अशा असतात. हवा तो आकडा बेरजेने जुळवायचा. १७ हवे असतील तर १६ अधिक १, म्हणजे पाचवा आणि पहिला खटका वर. ८१ हवे असतील तर ६४ अधिक १६ अधिक १, म्हणजे सातवा, पाचवा आणि पहिला. ज्याने आयुष्यात एकदा तरी सुटे पैसे मोजून दिले आहेत, त्याला हे जमते.

आता प्रोग्रामिंग. शब्द मोठा आहे, काम लहान. प्रोग्रामचे बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावे, दिवा लुकलुकू लागतो. मग दिव्याचे बटण दाबावे आणि फेडर हलवून हवा तो रंग आणावा. असे एकेक करून सगळे दिवे लावले की जे चित्र तयार झाले त्याला सीन म्हणतात. नोंदणीचे बटण दाबून, बँक निवडून, सीनचे बटण दाबले की तो सीन पेटीत कायम राहतो. पेटीत ३० बँका आणि प्रत्येक बँकेत ८ सीन, म्हणजे २४० सीन मावतात. अनेक सीन ओळीने एकामागून एक चालवले की त्याला चेस म्हणतात. असे ६ चेस ठेवता येतात. एका सीनवरून दुसऱ्यावर किती वेगाने जायचे, झटक्यात बदलायचे की हळूच विरघळत, यासाठी दोन वेगळे फेडर असतात. एवढेच. यात न कळण्यासारखे काय आहे?

तरीही एक गोष्ट कोणी शिकवत नाही आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे लिहून ठेवणे. एका वर्षी आमच्याकडे मुलांचे स्नेहसंमेलन होते. पेटी भरून ठेवणारा ऑपरेटर ऐन वेळी दुसऱ्या गावच्या लग्नाला गेला. पेटीत सीन भरलेले होते, पण कोणत्या बटणाखाली काय आहे हे फक्त त्याच्या डोक्यात होते, आणि त्याचा फोन बंद. तेव्हा वस्तीतल्या कॉमर्स शिकणाऱ्या एका मुलीने एक साधी वही घेतली. दुपारी तीन वाजता तिने एकेक बटण दाबायला सुरुवात केली. प्रत्येक बटणासमोर तिने लिहिले : दिवा कोणता, ॲड्रेस किती, रंग कोणता, कुठे उपयोगी. जिथे काहीच उपयोगाचे नव्हते तिथे नवा सीन भरला. साडेसहाला वही पूर्ण झाली आणि सातला पडदा उघडला. त्या रात्री पेटीवर तीच बसली. तिच्या आईला वाटत होते की तारांचे काम, मुलीची जात, शॉक बसेल, लोक काय म्हणतील. कार्यक्रम संपल्यावर तीच आई शेजारणीला सांगत होती, "ते सगळं आमच्या पोरीनं केलं."

त्या वहीची पाने आम्ही नंतर पाहिली. आमच्या ऑफिसातील लेजरपेक्षा ती वेगळी नव्हती. तेव्हापासून आमचे ठाम मत झाले आहे की पेटीसोबत वही नसेल तर पेटी एका माणसाची राहते आणि वही असेल तर ती सर्वांची होते. विद्या डोक्यात कोंडून ठेवणाऱ्यांमुळे काय होते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. निदान आपण तरी तसे करू नये. जो शिकेल त्याने लिहावे आणि दुसऱ्याला वाचू द्यावे.

आता शार्पी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या दिव्यांविषयी. मुलांना त्यांचे फार आकर्षण. असा दिवा साधारणपणे ५४० अंशांत फिरतो. एकाच चॅनलने फिरवला तर त्या ५४० अंशांचे २५५ टप्पे होतात, म्हणजे एक टप्पा दोन अंशांहून थोडा जास्त. दिवा दहा मीटर अंतरावर असेल तर एका टप्प्यात झोत सुमारे ३७ सेंटिमीटर सरकतो. माणसाच्या चेहऱ्यावर आणायचा झोत खांद्यावरच जातो तो यामुळे. म्हणून या दिव्यांना सूक्ष्म हालचालीचा आणखी एक चॅनल दिलेला असतो. दोन्ही मिळून ६५,५३६ जागा होतात आणि झोत हवा तिथे थांबतो. चॅनलच्या तक्त्यात हा दुसरा चॅनल शोधणारा मुलगा आणि नुसता दिवा गरगर फिरवणारा मुलगा, या दोघांत कारागीर कोण हे सांगायला नको.

पण बटणे दाबता आली म्हणजे प्रकाशयोजना आली असे नव्हे. प्रकाश कशासाठी, हे आधी ठरले पाहिजे. अमेरिकेतील येल विद्यापीठात शिकवणारे स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३२ साली रंगमंचाच्या प्रकाशावर पुस्तक लिहिले. त्यांची शिकवण आजही उपयोगी आहे. समोरून डाव्या आणि उजव्या बाजूने, साधारण ४५ अंशांच्या उंचीवरून दोन दिवे टाकावेत, एक थोडा उबदार पिवळसर, दुसरा थोडा थंड. मग चेहऱ्याला नाक-डोळे येतात, उठाव येतो. आपल्याकडे बहुतेक दिवे मागे लावलेले असतात आणि ते प्रेक्षकांच्या डोळ्यांत मारतात. बोलणाऱ्याचा चेहरा अंधारात राहतो. त्यातच आपली माणसे सावळी. निळ्या किंवा हिरव्या प्रकाशात सावळा चेहरा मातकट दिसतो. उबदार पांढऱ्या प्रकाशात तोच चेहरा खुलतो. आपल्या माणसाने स्टेजवर उभे राहायचे आणि त्याचा चेहराच दिसू नये, हे आम्हाला पटत नाही.

साधने थोडी असली तरी अडत नाही. कोलकात्याचे तापस सेन यांनी १९५९ साली मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांच्या 'अंगार' या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत चालल्याचे दृश्य प्रकाशाच्या खेळाने उभे केले होते. तेव्हा ना एलईडी होते ना डीएमएक्स. डोके होते आणि नाटक समजून घेतलेले होते.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. आईबापांनी हा भाग मुलांना मुद्दाम वाचून दाखवावा. स्ट्रोबचा लुकलुकता प्रकाश काही लोकांना फिट आणू शकतो. सेकंदाला ३ ते ३० या दरम्यानचे लुकलुकणे विशेष धोक्याचे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरील एका चित्रमालिकेतील लाल-निळ्या लुकलुकीमुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. म्हणून लहान मुले आणि म्हातारी माणसे बसलेल्या कार्यक्रमात स्ट्रोबचा चॅनल शून्यावरच ठेवावा. लेझरचा झोत थेट डोळ्यांत गेला तर डोळ्यांचा पडदा कायमचा भाजू शकतो. २०२४ च्या गणेशोत्सवात पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतील लेझर झोतांवर मनाई केली होती. पोलिसांच्या आदेशाची वाट न पाहता आपण स्वतःच लेझर माणसांवर रोखू नये.

विजेचे तर सांगूच नये इतके महत्त्व आहे. आकडे नेणाऱ्या केबलमध्ये धोका नाही, धोका दिव्याला वीज देणाऱ्या तारेत आहे. अर्थिंग तपासल्याशिवाय लोखंडी ट्रसला हात लावू नये. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती तोडणारा स्विच बसवून घ्यावा. तो माणसाचा जीव वाचवतो. ओल्या जमिनीवर जोडणी उघडी ठेवू नये आणि उंच ट्रस वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून दूरच उभी करावी. "लवकर उरका" म्हणणाऱ्या मालकापुढे "आधी मेन बंद करा" असे ठणकावून सांगायची हिंमत मुलांत आली पाहिजे. ती हिंमतही ज्ञानानेच येते. ज्याला काम कळते, त्याला उगाच कोणी दामटत नाही.

आकड्यांच्या केबलविषयीही दोन नियम. साखळी मध्येच फोडून दोन फाटे करू नयेत, फाटे हवेतच तर त्यासाठी स्प्लिटर नावाचे वेगळे यंत्र मिळते. आणि शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर लावावा. छोटी वस्तू आहे, घरी जोडून करता येते, पण ती नसेल तर लांब साखळीत आकडे परत उलटून येतात आणि दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. मग मुले म्हणतात पेटी बिघडली. पेटी धडधाकट असते.

शिकायचे कसे, हा शेवटचा प्रश्न. दिवे विकत घ्यायलाच हवेत असे नाही. क्यूएलसी प्लस नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते साध्या संगणकावर चालते. त्यात दिवे नोंदवता येतात, ॲड्रेस देता येतात, सीन आणि चेस बांधता येतात आणि कोणता दिवा कोणत्या रंगात लागला ते पडद्यावर दिसते. पुढे यूएसबीला जोडायचे एक लहान यंत्र घेतले की तोच संगणक खऱ्या दिव्यांचा कंट्रोलर होतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत एक संगणक असेल, तर रविवारी दोन तास त्यासाठी काढता येतील. पहिल्या रविवारी कागदावर ॲड्रेसचा पाढा, दुसऱ्या रविवारी खटक्यांची बेरीज, तिसऱ्या रविवारी एक सीन, चौथ्या रविवारी एखाद्या छोट्या नाट्यप्रवेशाचे पाच सीन. महिन्याभरात पाया पक्का होतो. मुलींना पहिल्या दिवसापासून बोलवावे, त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवू नये.

ज्या घरातला मुलगा आज लायटिंगच्या टेम्पोबरोबर जातो, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना आमचे एकच सांगणे. पहाटे तो घरी आला की नुसते "किती मिळाले?" असे विचारू नका. "आज पेटीवर काय शिकलास?" असेही विचारा. आणि पुढच्या बाजाराला त्याच्यासाठी शंभर पानी रेघांची एक वही आणा. पहिल्या पानावर त्याला लिहू द्या : दिवा नंबर १, ॲड्रेस १.